कप्तानसाहेबांची तिरपी रेघ

ऑफिसातल्या माझ्या चौथ्या दिवशी मी सदर इसमाला फोन लावायला निघाले होते.

माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण कोर्टाची मराठी मी पहिल्यांदा पाहिली ती औरंगपुऱ्यात, कप्तानसाहेबांच्या ऑफिसात. त्यांनी मला एक तक्रारअर्ज टाईप करायला दिला होता. त्यात ओळीओळीला येत होतं, सदर इसमाने शेतात प्रवेश केला, सदर इसमाने शिवीगाळ केली, सदर इसम पळून गेला. मला वाटलं, माणूस फारच उपद्व्यापी दिसतोय. कागदाच्या शेवटी सगळ्यांचे पत्ते होते, याचाच नव्हता. मी टेलिफोनच्या वहीत ‘स’ पाहिला, मग ‘इ’ पाहिला, आणि शेवटी मुनशी रशीदभाईंना हळूच विचारलं, “सदर इसम यांचा नंबर आहे का आपल्याकडं? पत्ता राहिलाय त्यांचा.”

रशीदभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “किसका?”

“सदर इसम. इसम आडनाव असेल.”

रशीदभाई टेबलाला धरून हसले. “अगे बेटी, सदर इसम नाम नई है. जिसका जिक्र ऊपर हो गया ना, वोच आदमी. कोई बी हो सकता.”

माझे कान गरम झाले. पलीकडं कप्तानसाहेब उभ्यानं चहा पीत होते. ते हसले नाहीत. त्यांनी मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “लागला फोन तर मला द्या, वकीलबाई. मलाही त्या माणसाशी बोलायचंय. बावीस वर्षं झाली.”

रशीदभाईंचं हसू तिथंच थांबलं.

कप्तानसाहेब आयुष्यात तीन गोष्टी झाले होते. आधी फौजेत कप्तान, मग वकील, मग एकदाच आमदार. मी त्यांच्याकडं आले तेव्हा ते पंचाहत्तरीच्या पुढं होते. फौज सुटून जन्म लोटला होता, तरी घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला असायची. बूट ते स्वतः घासायचे, जुन्या टूथब्रशनं, शिवणीशिवणीतून. भिंतीवर फौजेतला एक फोटो होता. त्याच्या शेजारी नुसता खिळा होता आणि खिळ्याखाली भिंतीचा फिकट चौकोन. आमदारकीचा फोटो तिथं होता म्हणे. त्यांनी तो काढला, पण खिळा काढू दिला नाही.

कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटात, दोन जाड खंडांच्या मध्ये, एक काचेची बाटली होती. आत तांबूस पाणी, तळाशी गाळ. त्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीवर त्यांच्या अक्षरात ‘नि. १’. कोर्टात पुराव्यावर टाकतात तसा निशाणीचा नंबर. साफसफाईच्या दिवशी मी ती बाटली हलवली तेव्हा रशीदभाई धावत आले होते.

पण मला सगळ्यात आधी नवल वाटलं ते त्यांच्या रेघेचं. कागदावर मजकूर संपला आणि खाली जागा उरली की कप्तानसाहेब त्या जागेवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारायचे आणि मगच सही करायचे. अर्ज, प्रतिज्ञापत्र यांवर ठीक आहे, पुष्कळ वकील मारतात. हे किराणाच्या यादीवरही मारायचे. लग्नपत्रिकेला पाठवलेल्या शुभेच्छांवर मारायचे. माझी रजेची चिठ्ठी मंजूर केली, तर माझ्या सहीखालच्या दोन बोटं जागेवरही रेघ. एकदा मी मजकूर आणि सही यांच्यात चार ओळींची जागा सोडली, तेव्हा कागद माझ्यासमोर ठेवून त्यांनी विचारलं, “ही जागा कुणासाठी ठेवली?”

“दिसायला बरं दिसतं, सर.”

“दिसतं. कुणी घर बांधील तिथं.”

मी कमी बोलते. कप्तानसाहेबांना ते चालायचं, किंबहुना आवडायचं. आलेल्या माणसाकडं बघत बसणं हे माझं कामच आहे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. माणूस गेला की विचारायचे, “काय पाहिलं?” मी सांगायचे, उजव्या पायानं सारखं चटई सरळ करत होता. ते मान हलवायचे. मराठीतून लिहा, असं मला त्यांनीच सांगितलं. “ज्यांच्याशी भांडायचं, ते वाचतील असं लिहायचं.” म्हणून हे मराठीत आहे.

अशिलांच्या भांडणात ते तडजोडीला नेहमी तयार असत. दोन भाऊ हमरीतुमरीवर आलेले ऑफिसात यायचे आणि जाताना एकाच मोटरसायकलवर बसून जायचे. मी एकदा धीर करून म्हणाले, “सर, तुम्ही सगळ्यांची समजूत घालता.”

“अशिलाचा राग अशिलाचा, तो विझवणं माझं काम. माझा राग माझा. तो मी सांभाळून ठेवलाय.”

तो कसा सांभाळला होता, ते मला पुढं दिसलं. खालच्या खणात कात्रणांची एक फाईल होती. एका माणसाच्या बातम्या. शिक्षणसंस्थेचे चेअरमन झाले, अमक्याचं उद्घाटन केलं, तमक्यात प्रमुख पाहुणे. प्रत्येक कात्रणात जिथं जिथं नाव होतं, तिथं ब्लेडनं नेमकी चौकट कापून काढलेली. फाईल उघडली की त्या छोट्या खिडक्यांतून खालचं कात्रण दिसायचं. फोटो तसेच होते. हसरा, भरल्या अंगाचा माणूस. नाव मात्र कुठंच नव्हतं. कप्तानसाहेबांनी ते बावीस वर्षांत उच्चारलंही नव्हतं. ऑफिसात तो माणूस ‘सदर इसम’ होता. माझ्या त्या चौथ्या दिवशी रशीदभाईंचं हसू का थांबलं, ते मला तेव्हा कळलं.

गोष्ट रशीदभाईंनी सांगितली, दुपारच्या डब्यावर, कप्तानसाहेब कोर्टात असताना.

सदर इसम म्हणजे कप्तानसाहेबांचाच ज्युनिअर. मी ज्या टेबलावर बसते, त्याच टेबलावर बसायचा. कप्तानसाहेब आमदार झाले आणि तो त्यांचा पीए झाला. साहेब अधिवेशनाला मुंबईला गेले की इथं माणसांची रांग लागायची. कुणाला दवाखान्यात खाट हवी, कुणाच्या मुलीला हॉस्टेल. साहेबांच्या पत्राशिवाय काम व्हायचं नाही. मग साहेब जाताना दहा-बारा कोऱ्या लेटरहेडवर नुसत्या सह्या करून द्यायचे, आणि मजकूर तो टाकायचा. “सब आमदारां ऐसाच करते थे,” रशीदभाई म्हणाले. “साहब ने बी किया. वोच एक गलती.”

पैठण रोडवर चितेगावच्या पुढं, रस्ता सोडून आत एक गाव आहे. नाव देत नाही. शेजारच्या एका कारखान्याचं पाणी झिरपून तिथल्या विहिरी तांबड्या झाल्या होत्या. कप्तानसाहेबांनी विधानसभेत त्यावर प्रश्न लावला. वर्षभर खपून त्यांनी कागद जमवले होते. त्या दिवशी गावातले लोक प्रेक्षक गॅलरीत बसायला मुंबईला गेले होते. शेवंताबाई नावाची एक बाई त्यांच्या पुढं होती. प्रश्नाचा क्रमांक आला, कप्तानसाहेब उभे राहिले, आणि अध्यक्षांच्या आसनावरून सांगण्यात आलं की सन्माननीय सदस्यांनी हा प्रश्न स्वतःच्या सहीच्या पत्रानं मागं घेतला आहे.

पत्र त्यांना दाखवलं. लेटरहेड त्यांचं. सही त्यांची.

“बोलले का नाहीत?” मी विचारलं. “मी दिलं नाही म्हणायचं.”

रशीदभाईंनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. “सही झूटी है बोलते तो झूट होता. कोरे पे सही मैंने दी बोलते तो वकील का मुँह काला होता. खड़े थे, बैठ गए.”

आठवड्यानं शेवंताबाई इथं आल्या. त्यांनी पदराखालून बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणाल्या, “आमदारसाहेब, विकलं ना आमाला? प्या.” कप्तानसाहेबांनी रशीदभाईंकडून ग्लास मागवला, अर्धा भरला आणि प्यायले. बाई निघून गेल्या. साहेब दोन दिवस पडून होते. उरलेल्या बाटलीवर त्यांनी पट्टी चिकटवली. पुढच्या निवडणुकीत ते पडले. त्या गावातून त्यांना एकही मत मिळालं नाही असं लोक म्हणतात, मी काही तपासलेलं नाही. सदर इसम तोवर दुसऱ्या गटात गेला होता.

मागच्या वर्षी सदर इसम आमच्या ऑफिसात आले.

जिन्यावर चार-पाच माणसांचे पाय वाजले. शाल, नारळ, हार. त्यांनी थेट आत येऊन कप्तानसाहेबांच्या पायांना हात लावला. साहेब उभेच होते. त्यांनी पाय मागं घेतला नाही, आशीर्वादही दिला नाही. म्हणाले, “आपलं नाव?”

“साहेब, मला ओळखलं नाही?”

“नोंद करावी लागते. वकीलबाई, लिहून घ्या. सदर इसम, सोबत चार जण.”

मी खरंच लिहिलं. त्या माणसानं माझ्याकडं पाहून हसू आणलं, जसं पोराटोरांकडं बघून आणतात. मग तो बोलत राहिला. साठी पूर्ण होतेय, पोरांनी सोहळा, जेवणावळ आणि गौरवग्रंथाचा घाट घातलाय, पहिल्या पानावर गुरूचा संदेश हवा. “झालं गेलं सोडून द्या आता, साहेब. तुमचं वय झालं, माझंही झालं.”

“रशीदभाई,” साहेब म्हणाले, “पाहुण्यांना पाणी.”

रशीदभाई उठले, आणि माठाकडं न जाता कपाटाकडं गेले. नि. १ टेबलावर आली, शेजारी रिकामा ग्लास. सदर इसमांनी बाटलीवरची पट्टी वाचली. ओठ पुसले. त्यांच्याबरोबरचा एक जण म्हणाला, “अहो, हे कसलं पाणी देताय?” त्याला खरंच माहीत नव्हतं. सदर इसमांना माहीत होतं.

“नको असेल तर राहू दे,” साहेब म्हणाले. “संदेश देतो मी.”

त्यांनी सगळ्यात खालचा खण उघडला आणि आमदारकीच्या काळातलं एक लेटरहेड काढलं. पिवळं पडलेलं, वर शहराचं जुनं नाव. ते शेवटचंच होतं. टेबलावर पसरलं, खालच्या कोपऱ्यात सही केली, आणि रेघ मारली नाही. मी पेनाकडं बघत राहिले. रेघ आली नाही. पूर्ण कोरा कागद, खाली सही. सदर इसमांचा हात आपोआप पुढं झाला. साहेबांनी कागद त्यांच्या हातावरून नेऊन माझ्या हातात दिला.

“मजकूर हिच्याकडं. तुम्हाला असला कागद एकदा देऊन झालाय.”

ते गेल्यावर साहेबांनी विचारलं, “काय पाहिलं?”

“जाताना दोनदा वळून कागदाकडं पाहिलं त्यांनी. सर, यावर काय लिहायचं?”

“काही नाही. तो मागायला येईल. मागू दे.” आणि मग बोट वर करून, “लेखी मागू दे.”

दीड महिन्यानं कप्तानसाहेब गेले. सदर इसम अंत्ययात्रेत पुढं होते. त्यांनी खांदा दिला. भाषणही केलं, आवाज दाटून आणला. मी मागं गर्दीत उभी होते, आणि लहानपणापासून मला सगळे गरीब स्वभावाची म्हणतात ते किती चूक आहे, हे त्या दिवशी माझं मला कळलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाईलवर त्यांचा मेसेज आला. तो मी जसाच्या तसा देते.

“बेटा, साहेबांचा संदेश पहिल्या पानावर घेतोय. मजकूर खाली पाठवतो, तेवढा सहीच्या वर टाईप करून दे. साहेब आता नाहीत म्हणून संकोच करू नको. त्यांची पद्धतच होती ती. मी पीए असताना कोऱ्यावर सह्या असायच्या, मजकूर मीच टाकायचो. त्यांना विचारायची गरजही पडत नसे.”

मी बजाजनगरच्या आमच्या घरात, गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभी होते. दोन वेळा वाचलं. मग अगदी भोळेपणानं लिहिलं, “सगळीच पत्रं तुम्हीच लिहायचात का सर? विधानसभेचीपण?”

लगेच उत्तर आलं. “हो बेटा, सगळीच. साहेब नुसते सहीचे धनी.” आणि शेवटी हात जोडलेलं चित्र.

माझ्या वकिलीतला तो पहिला उलटतपास. मी “हो सर” असं लिहून फोन ठेवून दिला.

मेसेजचे कागदावर प्रिंट काढले. रशीदभाईंनी त्यावर पट्टी लावली, ‘नि. २’. मग मी त्यांना स्कूटीवर मागं बसवलं आणि आम्ही पैठण रोडला लागलो. शेवंताबाई आता सत्तरीच्या आहेत. अंगणात शेंगा निवडत होत्या. रशीदभाईंना ओळखून त्यांनी तोंड फिरवलं. मी वाचायला लागले. दुसऱ्या वाक्याला त्यांचा हात सुपात थांबला.

“नाव वाच त्याचं,” त्या म्हणाल्या.

तिथं मी नाव वाचलं. इथं वाचणार नाही.

शेवंताबाईंनी हातातली शेंग सुपात टाकली. मग म्हणाल्या, “अन् त्यो पेला व्हता गं. म्या प्या म्हणलं, अन् गिलास मागवून पेला. म्हणायचं ना, म्या नाय केलं. का नाय बोलला त्यो?”

“सही उनकी थी, बाई,” रशीदभाई म्हणाले.

“सही...” शेवंताबाईंनी सूप बाजूला सारलं. “येडं माणूस.” पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. आणि एकदम वेगळ्याच आवाजात विचारलं, “ह्यो दुसरा कवा घालतोय जेवाय, साठीचं?”

अभीष्टचिंतन सोहळा मंगल कार्यालयात होता. पत्रिकेवर छापलं होतं, कृपया पुष्पगुच्छ आणू नयेत. सत्काराची रांग लागली. तिच्यात अकरा बाया होत्या, नऊवारी, डोईवर पदर, प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची बाटली. बाटल्यांतलं पाणी तांबूस. आजही ते तसंच येतं. मी आणि रशीदभाई त्यांच्या मागं.

शेवंताबाईंनी बाटली सदर इसमांच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवली. “साठ झाली म्हनं. प्या.”

“बाई, हे काय?”

“आहेर. फुलं आणू नगा म्हणलं ना तुमीच.”

दुसरी आली. “प्या, साहेब.” तिसरी आली. सदर इसमांच्या माणसांना पुढं व्हायचं की नाही ते कळेना, कारण बाया काहीच वावगं करत नव्हत्या. बाटली ठेवायच्या, नमस्कार करायच्या, बाजूला उभ्या राहायच्या. व्यासपीठावरून खाली कुणीच उतरत नव्हती. अकरावी बाटली ठेवून झाली तेव्हा हॉलमध्ये जेवणाच्या ताटांचा आवाजही थांबला होता. निवेदकानं काहीतरी सावरायचं म्हणून माझ्या हातातलं पाकीट पाहिलं आणि माईकवर जाहीर केलं, “आणि आता, दिवंगत कप्तानसाहेबांचा शेवटचा संदेश!”

मला बोलता येत नाही अशा ठिकाणी. मी पाकीट नुसतं पुढं केलं.

सदर इसमांनी ते स्वतः फोडलं. त्यांना वाटलं असणार, निदान हे तरी आपलं. आतला कागद उघडला. वर लेटरहेड, खाली कप्तानसाहेबांची सही, आणि मध्ये कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ. ती मी मारली होती. सवय नव्हती, त्यामुळं जरा वाकडी आली.

“काय लिवलंय साहेबांनी?” शेवंताबाईंनी विचारलं.

“काही नाही,” ते म्हणाले. माईक त्यांच्या तोंडाशीच होता. सगळ्या हॉलमध्ये वाजलं, काही नाही.

“व्हय,” शेवंताबाई म्हणाल्या. “तवाबी त्यानं काय लिवलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी पेपरात सोहळा उत्साहात पार पडल्याची बातमी आली. ते अजून चेअरमन आहेत. विहिरी अजून तांबड्या आहेत, आणि त्या पाण्याबद्दल कारखान्यावर घातलेला दावा आता मी चालवते. फरक एवढाच पडला की नि. २ ची प्रत कोर्टाच्या कँटीनमध्ये कुणीतरी भिंतीला लावली. मी लावली नाही, रशीदभाईंचं मी सांगू शकत नाही. तेव्हापासून तिथं त्या माणसाला त्याच्या नावानं कुणी ओळखत नाही. गाडी आवारात शिरली की टपरीवरचे ज्युनिअर एकमेकांना कोपरानं ढोसतात आणि म्हणतात, आले, सदर इसम आले. त्याला ते ऐकू जातं. मी पाहिलंय.

कप्तानसाहेबांना मी शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात, ऑपरेशनला नेण्याआधी. नर्सनं संमतीचा फॉर्म आणला. सही करायची जागा बोटानं दाखवली. साहेबांनी चष्मा मागितला, फॉर्म पूर्ण वाचला, आणि पेन घेऊन आधी सगळ्या रिकाम्या जागांवर तिरप्या रेघा मारल्या. दोन्ही बाजूंनी.

“आजोबा, अहो, काय करताय!” नर्स म्हणाली. “हे असं नाही चालत.”

“कुणी घर बांधील, बाई,” असं म्हणून त्यांनी सही केली. मग सवयीनं मनगट उलटं करून पाहिलं. घड्याळ काढून ठेवलेलं होतं. तिथं नुसता गोरा चौकोन होता.

चाकं हलली. मी शेजारून चालत होते. दाराशी त्यांनी डोळे उघडून विचारलं, “आला का त्याचा कागद?”

“नाही, सर.”

“येईल,” ते म्हणाले. “त्याला कोरी जागा दिसली की राहवत नाही.”